सही न करणारा वकील
अब्राहम लिंकन आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. अमेरिकेत त्यांच्याच काळात गुलामीविरुद्ध लढलेल्या थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. १७९२ साली व्हरमाँटमधल्या गरीब घरात, अधू पाय घेऊन जन्मलेला हा मुलगा पुढे पेनसिल्व्हेनियात नामांकित वकील झाला. १८२१ मध्ये त्यांनी मालकाची बाजू लढवून चॅरिटी बटलर या स्त्रीला गुलामीतच ठेवले, हेही सांगितलेच पाहिजे. त्यानंतर मात्र ते पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात उभे राहू लागले. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना परिषदेचे सदस्य असूनही त्यांनी मसुद्यावर सही करायला साफ नकार दिला. पुढे अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, असताना गुलामी संपवणाऱ्या तेराव्या आणि समान नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीमागे त्यांचा मोठा रेटा होता. पण दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून गुलामीतून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, ही त्यांची मागणी काँग्रेसने मानली नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे पुढचे हाल माझ्या मते तिथेच ठरले. १८६८ मध्ये ते वारले. इतर दफनभूमींत वर्णभेदाचे नियम होते, म्हणून त्यांनी लँकेस्टरमधली सर्वांना खुली असलेली लहानशी दफनभूमी निवडली, आणि हे कारण त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहे.