नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्यावर मोजा

प्रोग्राम रखडतो म्हणून नवा लॅपटॉप घ्यायला निघालेल्यांना माझी विनंती आहे, दोन दिवस थांबा. अलिबागजवळच्या किहीम, चोंढी, आवास, सासवणे या पट्ट्यात होमस्टेचं बुकिंग, खानावळीचा हिशेब, नारळ-सुपारीचा जमाखर्च असले छोटे प्रोग्राम घरच्याच पोरांनी लिहिलेले दिसतात. डिसेंबरची गर्दी आली की ते कासवासारखे चालू लागतात. मग कोणी म्हणतं रॅम वाढवा, कोणी म्हणतं सगळं दुसऱ्या भाषेत लिहा. हजारो रुपयांचा सल्ला लोक छातीठोकपणे देतात, पण त्यांतल्या फार थोड्यांनी मोजलेलं असतं.

न मोजता ठरवलेलं किती चुकतं, याचं उदाहरण किहीमलाच आहे. खोपा सुगरणीने विणला हे आपल्या मनात बहिणाबाईंच्या कवितेपासून पक्कं बसलेलं. 1930 च्या सुमारास पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली नोकरी नसताना किहीमला येऊन राहिले. पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी लपणात बसून तासन्‌तास पाहिली आणि दिसेल ते टिपून ठेवलं. विणणारा नर निघाला. तो खोपा अर्धा करतो, माद्या येऊन पारखतात, एखादीने पसंत केला की तो पुरा होतो आणि नर दुसऱ्या खोप्याला लागतो. 1931 मध्ये हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. बहिणाबाईंची कविता त्याने उणी होत नाही. पण पक्ष्याबद्दल खात्रीने बोलायचं तर त्याच्या झाडाखाली बसावं लागतं.

प्रोग्रामच्या झाडाखाली बसायला लिनक्समध्ये पर्फ नावाचं साधन आहे. ते फुकट मिळतं, लिनक्सच्या गाभ्यात 2009 पासून आहे आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचं असतं. त्या पडद्याला बिचकू नका, लागणाऱ्या आज्ञा मोजून तीन-चार आहेत.

पण पर्फच्याही आधी 'टाईम' ही साधी आज्ञा वापरा. प्रोग्रामच्या नावाआधी ती लिहिली की शेवटी तीन आकडे मिळतात. रिअल म्हणजे घड्याळात गेलेला वेळ. युजर म्हणजे प्रोसेसरने तुमचं काम करण्यात घालवलेला, आणि सिस म्हणजे तुमच्यासाठी लिनक्सच्या गाभ्याने खर्च केलेला. समजा रिअल चार मिनिटं आहे आणि बाकी दोन्ही मिळून दहा सेकंद. याचा अर्थ प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून कशाची तरी वाट पाहतोय, नेटवर्कची, डिस्कची किंवा पलीकडच्या सर्व्हरची. आपल्याकडे पावसात रेंज जाते तेव्हा हेच घडतं. अशा दुखण्यावर वेगवान प्रोसेसर घेणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. हे तीन आकडे पाहिले तरी पुष्कळांची खरेदी टळेल.

युजरचाच आकडा मोठा असेल तर मात्र पर्फ घ्या. 'पर्फ रेकॉर्ड' लिहून पुढे प्रोग्रामचं नाव द्या. प्रोग्राम चालू असताना पर्फ त्याला ठरावीक अंतराने हटकतं आणि त्या क्षणी कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपून घेतं. सेकंदाला 99 वेळा टिपायला सांगण्याची पद्धत आहे. नेमके 100 का नाहीत? यंत्रातली बरीच कामं स्वतःच शंभराच्या ठेक्यावर चालतात. आपलं टिपणंही त्याच ठेक्यावर पडलं तर दर वेळी तेच काम सापडत राहील आणि चित्र खोटं येईल. प्रोग्राम संपला की 'पर्फ रिपोर्ट' म्हणा. कोणत्या फंक्शनमध्ये किती टक्के वेळा सापडला, त्याची उतरती यादी समोर येते. रेकॉर्ड करताना 'जी' हा पर्याय जोडला तर त्या फंक्शनला कोणी बोलावलं हेही कळतं.

यादीत वरची दोन-तीन नावंच बहुतेक वेळ खाताना दिसतील. डोनाल्ड नूथ यांनी 1971 मध्ये फोर्ट्रान भाषेतले प्रोग्राम तपासले, तेव्हा साधारणपणे चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ घेताना त्यांना आढळला होता. समजा, तुमच्या हिशेबात प्रत्येक ओळीला दरपत्रकाची फाइल नव्याने वाचली जातेय. ती एकदाच वाचा, काम मिटलं. सगळा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत लिहायला निघालेल्याचे दोन महिने वाचले.

पायथॉनवाल्यांनी थेट पर्फकडे जाऊ नये. पायथॉनच्या 3.12 आवृत्तीच्या आधी पर्फला तुमच्या फंक्शनांची नावं दिसतच नव्हती, आता दिसतात तीही वेगळा पर्याय दिला तर. त्यापेक्षा सीप्रोफाइल हे साधन पायथॉनसोबतच येतं आणि विंडोजवरही चालतं. मात्र ते प्रत्येक फंक्शनची प्रत्येक हाक मोजतं, त्यामुळे हजारो वेळा बोलावली जाणारी छोटी फंक्शनं असतील त्याहून महाग दिसतात. पर्फ मधूनमधून डोकावतं, म्हणून त्याचा भार कमी पडतो.

मोजणाऱ्याने आजूबाजूचा गोंगाट कसा सांभाळावा, हे शिकायला किहीमहून अलिबागला जा. तिथली चुंबकीय वेधशाळा मूळची मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा कुलाब्याचे संचालक होते. काम अलिबागला हलवलं गेलं आणि चुंबकत्वाला बाधा येणार नाही असा दगड वापरून इमारत उभी केली. मला सगळ्यांत थोर वाटते ती पुढची गोष्ट. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवता येतील. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली, तोवर हे काम उरकलं होतं.

तुम्हीही तेवढीच शिस्त पाळा. मोजताना ब्राउझर आणि व्हिडिओ बंद ठेवा. चार्जर लावून ठेवा, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतात. मे महिन्याच्या उकाड्यात यंत्र तापलं तरी तेच होतं. पहिल्या खेपेला फाइल डिस्कवरून येते आणि दुसऱ्या खेपेला मेमरीत तयार असते, म्हणून एकाच खेपेवर निकाल देऊ नका. 'पर्फ स्टॅट' ला पाच वेळा चालवायला सांगता येतं, ते सरासरी काढून देतं आणि आकडे किती वरखाली झाले तेही सांगतं. दुरुस्ती केल्यावर जुना प्रोग्राम पुसू नका. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच फाइलवर जुना आणि नवा दोन्ही चालवा. फरक आकड्यांच्या चढउताराइतकाच असेल तर सुधारणा झाली असं म्हणू नका, ग्राहकाला तर मुळीच सांगू नका.

पर्फने परवानगी नाही असं म्हटलं तर घाबरू नका. बऱ्याच यंत्रांवर सुरक्षेसाठी साध्या वापरकर्त्याला ते अडवलेलं असतं, यंत्राच्या मालकाकडून मोकळीक घ्यावी लागते. कॉलेजच्या यंत्रावर असाल तर प्रयोगशाळेतल्या सरांना रीतसर विचारा, चोरून काही करू नका.

आणि होमस्टेवाल्या काका-मावशींनो, तुम्हाला यातली एकही आज्ञा शिकायची गरज नाही. नवं यंत्र घ्या म्हणून कोणी सांगायला आला तर त्याला एवढंच विचारा, वेळ कुठे जातो त्याची यादी आणलीस का? आणली नसेल तर पैसे काढू नका.