घर आपले, जमीन मालकाची



आपले वाडवडील साखरेच्या कोठीवरील कांपात राहत. काम सुटले की घरही सुटे. म्हणूनच त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आधी जमिनीचा तुकडा घेतला व मग त्यावर घर बांधले. ही शिकवण आपण विसरत चाललो आहोत की काय, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण सांगते.

माझी एक मावशी १९७० नंतर नर्सिंग शिकण्यास इंग्लंडला गेली व तिकडेच राहिली. आपल्या बेटावरील कित्येक मुली त्या काळी अशाच गेल्या. निवृत्तीनंतर तिने विटांचे घर विकून 'पार्क होम' घेतले. हे कारखान्यात तयार झालेले एकमजली घर असते. घर आपले, परंतु ते ज्या जागेवर उभे असते, ती पार्कच्या मालकाची. त्या जागेचे भाडे, म्हणजे 'पिच फी', नियमितपणे भरावी लागते.

दरवर्षी भाडेवाढीचे पत्र येई व मावशी मागतील तितकी रक्कम भरी. "मालक मागतो ते बरोबरच असेल," असे ती फोनवर म्हणे. पुढे मुलाजवळ राहावयास जाण्यासाठी तिने ते घर विकले, तेव्हा किमतीतले दहा टक्के मालकाने घेतले. लाख पौंडांत दहा हजार! मावशी रडली. पण ही फसवणूक नव्हती. दहा टक्क्यांपर्यंत कमिशन घेण्यास कायद्याची मुभा आहे. जे घर मालकाने बांधले नाही, त्याच्या विक्रीत त्याचा एवढा वाटा असणे मला न्यायाचे वाटत नाही. तथापि ते करारात होते, आणि करार मावशीने वाचला नव्हता.

दुःख याचे की, त्याच कायद्याने दिलेले हक्कही तिला ठाऊक नव्हते. हा कायदा १९८३ सालचा असून २०१३ साली तो अधिक कडक झाला. इंग्लंडमध्ये भाड्याची फेरतपासणी वर्षातून एकदाच करता येते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातील कागदासह किमान २८ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. २०२३ पासून ही वाढ सर्वसाधारणपणे सीपीआय या महागाई निर्देशांकाला धरून असावी लागते. पूर्वी आरपीआय हा बहुधा चढा निर्देशांक धरीत. वाढ मान्य नसेल तर जुनेच भाडे भरीत राहावे. न्यायाधिकरणाकडे मालकाने जावयाचे असते. वीज पुनर्विक्रीत त्याला नफा काढता येत नाही, आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय कोणाला घराबाहेर काढता येत नाही.

मात्र हे हक्क बारमाही वस्तीचा परवाना असलेल्या पार्कवरच मिळतात. सुट्टीत राहण्यासाठी परवाना असलेल्या जागेवर ते मिळत नाहीत. घरे दिसावयास सारखीच असतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी परवाना पाहावा. कराराचा लेखी मसुदाही २८ दिवस आधी हाती मिळणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. ते दिवस वाचण्यासाठीच आहेत.

मी शिक्षिका आहे. वाचावयास शिकविणे हे माझे काम. परंतु माझ्या मावशीला इंग्रजी वाचता येत नव्हते असे नाही. तिने आयुष्यभर इस्पितळातील कागद वाचले. तिला नडली ती भीड. 'मालक' म्हटले की मान खाली घालण्याची कांपातील जुनी सवय शंभर वर्षांनी, दुसऱ्या देशातही तिच्याबरोबर गेली होती.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, बहिणी, मावश्या तिकडे आता म्हातारपणाचे घर शोधीत असतील. त्यांना आजच फोन करा. घराच्या भिंती व बाग पाहण्याआधी जमिनीचा कागद वाचावयास सांगा. प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्यांनी भाडे भरावयाचे, त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.