चुकलात तर हाती किती?

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले, तेव्हा रात्री नऊला आमच्या सोसायटीचा जिना ओस पडे. प्रश्न १५, बक्षीस १ कोटी. २००५ मध्ये ते २ कोटी झाले, २०१३ मध्ये ७ कोटी. घरोघरी चर्चा त्या आकड्याचीच. माझी नजर मात्र, बँकेतल्या जुन्या सवयीने, दुसऱ्या पडावावर जायची. पुढे उत्तर चुकले तरी हाती उरणारी ती रक्कम. २००० मध्ये ती ३ लाख २० हजार होती आणि २०१९ मध्येही तेवढीच!

जरा हिशेब मांडा. २००० मध्ये शेवटचा प्रश्न चुकला, तर ५० लाखांतले ४६ लाख ८० हजार जात. २०१९ मध्ये १ कोटीतले ९६ लाख ८० हजार. त्या वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, १ कोटीवर थांबल्या. आमची सौ. हळहळली, “खेळायला हवं होतं हो!” मला मात्र फंडाचे पैसे दामदुपटीच्या नादात घालवून माझ्या टेबलासमोर गप्प बसलेली माणसे आठवली.

२०२२ मध्ये ७५ लाखांचा नवा पडाव आला. साडेसात कोटींच्या बक्षिसापेक्षा मला त्याचे कौतुक वाटले. मुलांना उत्तरे विचारता ना? मग हेही विचारा, “आत्ता चुकलास तर हातात किती उरेल?”