अन्न आधी की अधिकार?

‘प्रथम पोटाची खळगी भरावी, मग हक्कांच्या गोष्टी कराव्यात’ हे मत अनेक विचारवंत व प्रशासक मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. दुष्काळ हा अवर्षणाचा, रोगराई ही डासांची व दारिद्र्याची, आणि मानवी हक्क हे सुस्थित राष्ट्रांचे भूषण, अशी त्यांची विभागणी असते. म्हणून उपाशी मुलुखात धान्य व औषधे धाडली की कर्तव्य संपले, असे त्यांस वाटते. या मतामागील कळकळ मान्य करूनही, भूक कोठून उद्भवते याविषयीचा त्यांचा समज मला सर्वस्वी भ्रामक वाटतो.

ब्रह्मदेशाच्या पूर्व सरहद्दीवरील करेन, करेनी व मोन लोकांचा मुलूख पाहावा. बंडखोरांचे अन्न, पैसा, खबर व मनुष्यबळ या चारींचा पुरवठा तोडण्याचे धोरण लष्कराने १९६० च्या दशकापासून तेथे राबविले, आणि त्याचा प्रहार रयतेच्या चुलीवर झाला. भाताची कोठारे जाळली गेली, हुकूम काढून गावेच्या गावे उठविली गेली, वाटांवर सुरुंग पेरले गेले, आणि शेतकऱ्यास फौजेची ओझी वाहण्यासाठी वेठीस धरले गेले. निंदणीच्या वा राखणीच्या दिवसांत माणूस वेठीला गेला, की डोंगरउतारावरचे पीक तणाच्या व रानडुकरांच्या स्वाधीन होते. जीव वाचविण्यासाठी मच्छरदाणीवाचून रानात निजणाऱ्या कुटुंबास हिवताप गाठतो. आणि तापाने खंगलेल्या बापाची पेरणी चुकली, की पुढील वर्षाची उपासमार आजच ठरून जाते. यात पर्जन्याचा अपराध कोणता?

त्या भागातील सुमारे दोन हजार कुटुंबांच्या २००४ मधील पाहणीत जवळजवळ एकतृतीयांश घरांनी वेठबिगार व सुमारे एकचतुर्थांश घरांनी धान्याची लूट वा नासधूस सांगितली. आणि असे तीन वा अधिक अत्याचार सोसलेल्या कुटुंबांत बालमृत्यूचा धोका पाचपटीहून अधिक आढळला.

‘युद्धात हे चालायचेच’ असा यावर एक आक्षेप येतो. परंतु वेठ ही चुकून सुटलेली गोळी नव्हे. ती अंमलदाराने बजावलेली आज्ञा असते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये ब्रह्मदेशातील वेठबिगारी व्यापक व पद्धतशीर असल्याचा निष्कर्ष काढला. आणि नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन करू नये, असे १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारांनी ठरविले. आपल्याकडेही अशाच आज्ञेने १९४२ मध्ये, जपानी फौजेच्या भयाने, सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील होड्या काढून घेतल्या आणि पुढील वर्षीच्या भीषण दुष्काळाआधीच कोळ्यांची उपजीविका हिरावली.

‘अत्याचाराविषयी बोललो, तर मदतीची दारे बंद होतील’ हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो प्रत्यक्ष अनुभवातून येतो. तथापि पाठीवर औषधांची पोतडी घेऊन तोच मुलूख पायी तुडविणाऱ्या स्थानिक आरोग्यसेवकांनी रोग्यावर उपचारही केले आणि त्याच्यावरील अत्याचारांची नोंदही केली. दोन्ही कर्तव्ये एकाच हाताने पार पडू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

म्हणून माझे प्रतिपादन असे, की पेरलेले कापण्याची, कापलेले राखण्याची, आपल्या श्रमावर स्वतःची सत्ता असण्याची व स्वतःच्या छपराखाली निजण्याची शाश्वती हीच अन्नाची व आरोग्याची पहिली सामग्री होय. १९४८ च्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याने दास्यापासून मुक्ती, मालमत्तेचे रक्षण आणि अन्न व वैद्यकीय उपचार यांचे हक्क एकाच लेखात ग्रथित केले, ते यथार्थच होते. कुपोषणाच्या प्रत्येक नोंदवहीत वजन व उंचीबरोबर जप्ती, वेठ व विस्थापन यांचेही रकाने असलेच पाहिजेत. कारण ज्या घराचे धान्य उद्या पुन्हा जाळता येते, त्या घरास आज दिलेले धान्य ही केवळ मुदतवाढ आहे.