बाबांची ती रात्र आणि विम्याचा फॉर्म

परवा सासूबाईंचा फोन होता. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी त्या आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत. भाजणी किती आणू, मेतकूट संपलं का, लोणचं सामानात फुटणार तर नाही ना... अर्धा तास हेच. शेवटी मी विचारलं, "आई, विम्याचं काय?"

"अगं, तिकीटवाला देईल की एखादा स्वस्तातला. मला काय धाड भरलीये!"

आणि मला बाबांची ती रात्र आठवली.

माझे आई-बाबा 2014 साली पहिल्यांदा इकडे आले. शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोचा विमा दाखवावाच लागतो, अमेरिकेच्या व्हिसाला तशी सक्ती नाही. त्यामुळे आपल्याकडे हे काम बॅगा भरून, वजनकाट्यावर चढवून झाल्यावर, शेवटच्या रात्री उरकलं जातं. आमचंही तसंच झालं. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि साखरही थोडी वर असायची. एजंट म्हणाला, "आधीचे आजार लिहू नका, उगाच हप्ता वाढेल." बाबांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. आयुष्यभर सरकारी नोकरीत एक पैचाही हिशेब न चुकवलेला माणूस!

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी आई हळूच म्हणाली, "हे रात्रभर सोफ्यावर बसून होते. छातीत दुखत होतं म्हणे." आम्ही तसेच उठून इमर्जन्सीत गेलो. देवाची कृपा, हृदयाचं काही नव्हतं, पित्त निघालं. पण तपासण्या सगळ्या झाल्या आणि बिलही यायचं ते आलं. विमा कंपनीने पुण्याच्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले, त्यात रक्तदाबाची गोळी दिसली आणि दावा नामंजूर झाला. एजंटचा फोन अर्थातच लागला नाही.

पैशांचं दुःख पुढे विसरले. विसरले नाही ते बाबांचं वाक्य. ते म्हणाले, "सकाळपर्यंत थांबलं तर जावयाचे पैसे वाचतील, असं वाटलं गं."

असो. तेव्हापासून माझं एक मत झालंय. विमा घ्यायचा तो बिलासाठी तर खराच, पण त्याहून जास्त यासाठी की आपल्या माणसाला रात्री दोन वाजता "दुखतंय" असं म्हणायची हिंमत व्हावी.

या नजरेने पाहिलं की पॉलिसी निवडणं बरंच सोपं होतं. आपण सगळे आधी मोठा आकडा बघतो, पन्नास हजार डॉलर की एक लाख. मी आता आधी बघते की आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय. पाहुण्यांसाठीच्या बऱ्याच पॉलिसी हे आजार वगळतात. काही मात्र जुना आजार अचानक उफाळला तर पैसे देतात, त्यालाही वयाची आणि रकमेची मर्यादा असते. आणि यातल्या अनेकांत अट असते की त्रास सुरू झाल्यापासून 24 तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत. म्हणजे जो बिचारा दोन दिवस कळ सोसतो, त्याचं संरक्षण त्या सोसण्यातच जातं!

दुसरं म्हणजे पॉलिसीचा प्रकार. स्वस्त पॉलिसीत बहुधा प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. इस्पितळाच्या एका दिवसाचे इतके, तपासणीचे इतके. वरचं सगळं आपलं. इथल्या बिलांपुढे ती रक्कम म्हणजे दर्या में खसखस. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकारात सुरुवातीची ठरलेली रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरायची आणि पुढच्या खर्चाचा मोठा भाग कंपनी कमाल मर्यादेपर्यंत देते. हप्ता परवडत नसेल तर डिडक्टिबल वाढवून घ्या, हजार डॉलर आपण सोसू, पण प्रकार हाच घ्या. सत्तरी ओलांडली की बऱ्याच योजनांत कमाल रक्कम कमी होते, तेही आधीच बघून ठेवलेलं बरं. रोजच्या गोळ्या आणि नेहमीच्या तपासण्या यात सहसा नसतातच. त्यामुळे औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट बॅगेत हवीत, लोणच्याच्या आधी.

काही जण म्हणतात, "आमचे आई-वडील चार वेळा येऊन गेले, कधी काही झालं नाही, पैसे फुकट गेले." गेले तर गेले! ते फुकट जावेत अशीच तर आपली इच्छा असते. आणि जीव धोक्यात असेल तर इथली इमर्जन्सी पैसे नाहीत म्हणून परत पाठवू शकत नाही, 1986 पासून तसा कायदा आहे. पण तो दारातून आत घेण्यापुरता, बिल माफ करण्यासाठी नव्हे.

तर काल सासूबाईंना पुन्हा फोन केला. फॉर्म मी समोर ठेवला होता. "आई, गुडघा सोडून आणखी काय काय आहे, सगळं सांगा." बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी एकदा चक्कर आली होती. ह्याला सांगू नकोस."

नवऱ्याला सांगितलं. फॉर्ममध्येही लिहिलं. हप्ता वाढेल बहुतेक. वाढू दे.