संगणकाचा हजेरीपट

वर्गात आज किती मुले बसली आहेत, हे बाकांकडे पाहून सांगता येते. शाळेत किती मुलांची नावे आहेत, हे मात्र हजेरीपट उघडल्याशिवाय कळत नाही. एखादा मुलगा दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेला आणि त्याचे नाव पटावर तसेच राहिले, तर ती चूक बाकांवर दिसत नाही. ती पटातच सापडते.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाजवळही असा एक पट असतो. या पटावर ज्याचे नाव आहे, त्यालाच संगणक आत घेतो. अशा प्रत्येक नोंदीला 'खाते' म्हणतात. जो संगणक अनेकजण मिळून वापरतात, त्याचा पट त्या सर्वांना वाचता आला पाहिजे, असे माझे मत आहे.

"संगणक सुरू केला की पडद्यावर नावे दिसतातच," असे तुम्ही म्हणाल. दिसतात, पण सगळी दिसत नाहीत. बंद केलेली खाती तिथे नसतात. संगणकाने स्वतःच्या कामासाठी उघडलेली खातीही नसतात. एखादे खाते मुद्दाम लपवून ठेवता येते. पूर्ण यादी हवी असेल, तर चित्रे बाजूला ठेवून काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करावी लागते.

विंडोजच्या संगणकावर ही आज्ञा फारच लहान आहे. 'नेट' हा इंग्रजी शब्द लिहा, एक जागा सोडा, 'युझर' लिहा आणि एंटरची कळ दाबा. लगेच नावांची यादी येते. त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि 'गेस्ट' ही नावे असतील. ती विंडोजबरोबरच येतात आणि आपल्या वापराच्या संगणकांवर सहसा बंद ठेवलेली असतात. आता त्याच आज्ञेपुढे यादीतील एखादे नाव लिहा. ते खाते चालू आहे की बंद, परवलीचा शब्द कधी बदलला, शेवटचा प्रवेश कधी झाला, हे सर्व समोर येते. शेवटच्या प्रवेशाची ओळ नीट वाचावी. सुटीच्या दिवसाची तारीख दिसली, तर विचारण्यासारखा प्रश्न मिळाला!

लिनक्सच्या संगणकावर ही यादी एका साध्या फाइलीत असते. 'ईटीसी' नावाच्या कप्प्यात ही फाइल ठेवलेली असते. तिचे नाव 'पासवर्ड' या शब्दाच्या स्पेलिंगमधून ओ आणि आर ही अक्षरे गाळून केलेले आहे. 'कॅट' ही आज्ञा देऊन ती वाचता येते. (या कॅटचा मांजराशी संबंध नाही, 'जोडणे' या अर्थाच्या एका लांबलचक इंग्रजी शब्दाचा हा तुकडा आहे.) एका ओळीत एक खाते आणि प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने असतात. पहिल्यात नाव, तिसऱ्यात क्रमांक, सहाव्यात त्या व्यक्तीच्या फाइलींची जागा.

ही यादी पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. आपण चार-पाचजण वापरतो आणि इथे तर तीस-चाळीस नावे! 'डीमन', 'मेल', इतकेच काय, 'नोबडी' म्हणजे 'कोणीही नाही' नावाचाही एक गृहस्थ असतो. पण ही चोरांची नावे नव्हेत. संगणकातील निरनिराळ्या कामांना वेगवेगळे खाते दिलेले असते, म्हणजे एका कामात बिघाड झाला तरी दुसऱ्याच्या फाइलींना धक्का लागत नाही. माणसांची खाती आजच्या बहुतेक लिनक्समध्ये १००० या क्रमांकापासून सुरू होतात.

संगणक खरे तर या क्रमांकालाच ओळखतो. आपल्याकडे मुहम्मद हे एकच नाव चारजण चार स्पेलिंगने लिहितात. संगणकाला ती चार माणसे वाटतात. क्रमांकाचे तसे नाही. ज्याचा क्रमांक शून्य, त्याला सर्व अधिकार. हे खाते 'रूट' या नावाचे असते; पण दुसऱ्या कोणत्याही नावापुढे शून्य लिहिला, तर त्यालाही तेच अधिकार मिळतात. यादीत दोन शून्ये दिसली, तर लगेच शिक्षकांना सांगावे.

विसरलेल्या नावाने काय होऊ शकते, हे अमेरिकेत १९८६ साली दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापरण्याचे पैसे आकारले जात. एके दिवशी हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे तो शोधण्याचे काम आले. यादीत 'हंटर' नावाचे एक खाते सापडले, पण त्याचे बिल कोणाला पाठवायचे, याची नोंदच नव्हती. ते खाते काढून टाकले. मग परदेशी गेलेल्या एका जुन्या माणसाच्या खात्यातून कोणीतरी आत येत असल्याचे आढळले. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग पश्चिम जर्मनीतील हॅनोवर शहरापर्यंत गेला. तिथला एक तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरत होता आणि मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती. १९९० मध्ये न्यायालयाने त्याला व त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले.

काही शिक्षकांना वाटते की, असल्या आज्ञा शिकवल्या तर मुले खोड्या करतील. ही भीती मला पटत नाही. या आज्ञांनी यादी फक्त वाचली जाते, बदलली जात नाही. शिवाय युनिक्स ही लिनक्सची पूर्वज प्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि तिच्यातही ही यादी सर्वांना खुली असे. फाइलीवर मालकाचा फक्त क्रमांक असतो. त्याचे नाव दाखवायचे तर यादी पाहावीच लागते. एके काळी परवलीचे शब्दही सांकेतिक रूपात याच यादीत असत. पुढे संगणक वेगवान झाले आणि लाखो शब्द भराभर ताडून पाहणे शक्य झाले. तेव्हा गुप्त भाग 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलीत हलवला आणि ती फक्त रूटने वाचावी असे ठरले. नावे मात्र उघडीच राहिली. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याच तासाला शिकवावे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संगणक-कक्षात पुष्कळदा पट काढून पाहिला तर त्यावर सर्वांसाठी मिळून एकच नाव असते आणि परवलीचा शब्द साऱ्या शाळेला पाठ असतो. समजा, नववीतल्या एका मुलीने महिनाभर खपून केलेला प्रकल्प कोणीतरी पुसून टाकला. कोणी पुसला? संगणकाच्या नोंदीत तर एकच नाव आहे. मग जो मुलगा आधीच खोडकर म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्याकडे सर्वांची बोटे वळतात आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्या बिचाऱ्याजवळ काहीच नसते. स्वतःचे खाते असते, तर नोंदच त्याच्या बाजूने बोलली असती. वेगळी खाती उघडायला जास्तीचा पैसा लागत नाही, शिक्षकांची एखादी दुपार लागते.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा होते. जाणाऱ्या मुलांची नावे ग्रंथालयाच्या वहीतून कमी होतात, तशी त्याच सुमारास संगणकाच्या पटावरूनही कमी व्हावीत. त्याआधी त्यांच्या फाइली त्यांच्या हवाली कराव्यात. कारण लिनक्समध्ये खाते काढले तरी फाइली जुन्या क्रमांकासह मागे राहू शकतात. आणि जूनमध्ये नव्या मुलाला तोच क्रमांक मिळाला, तर त्या फाइलींचा तो मालक होऊन बसतो.