अंगावर काढलेलं दुखणं

"बायकांचं दुखणं" म्हणून आपण किती आजार झाकून ठेवतो! योनिमार्गातलं यीस्ट इन्फेक्शन त्यातलंच. चारपैकी साधारण तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ते होतं: खाज, जळजळ, दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव. कँडिडा ही बुरशी एरवीही शरीरात निमूट असते. अँटिबायोटिक्सनी तिला आवरणारे जिवाणू मारले, किंवा मधुमेहात साखर वाढली, की ती फोफावते. (प्रयोगशाळेत आम्ही यीस्ट साखर घालूनच वाढवतो.) याचा चारित्र्याशी काडीचा संबंध नाही, आणि आतून धुण्याने त्रास वाढूच शकतो.

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून यावरचं क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. मला वाटतं, आपल्या संकोचाला ही सोय जरा जास्तच मानवली. २००२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात असं औषध स्वतःहून घेणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींना निव्वळ यीस्ट इन्फेक्शन होतं. काहींना जिवाणूंचा संसर्ग होता. त्यावर हे क्रीम निरुपयोगी.

म्हणून पहिलीच वेळ असेल, गरोदर असाल किंवा वर्षात तीनदा झालं असेल, तर तपासून घ्या. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेकींना पुरते. गरोदरपणात मात्र गोळीऐवजी सात दिवसांचं क्रीम देतात. वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही बघा.

आणि भारतातून राहायला आलेल्या, मधुमेह असलेल्या आईला किंवा सासूबाईंना आपणहून विचारा. इथल्या डॉक्टरांचा खर्च ठाऊक असल्यामुळे त्या तर अवाक्षर काढणार नाहीत.